एमजेओ हिंदी महासागरात आला, मग नागपूरचा पाऊस का थांबला?

प्रश्न काटोलकडच्या एका शेतकरी भाऊंचा आहे. सोयाबीन, पऱ्हाटी आणि थोडी संत्र्याची बाग आहे त्यांची. ते विचारतात: "जुलैच्या पहिल्या आठवड्यात बातमी वाचली की एमजेओ हिंदी महासागरात आला, आता मान्सूनला जोर येणार. त्यानंतर आमच्याकडे बारा दिवस थेंब नाही. विषुववृत्तावरच्या त्या लाटेचा आणि माझ्या शेताचा खरंच काही संबंध आहे का? असेल तर पेरणी-फवारणीसाठी त्याचा उपयोग कसा करायचा?"

संबंध आहे, आणि पक्का आहे. पण बातमीनं काढलेला अर्थ आपल्या भागासाठी बहुतेक वेळा उलटा ठरतो. एमजेओ म्हणजे मॅडन-ज्युलियन दोलन, विषुववृत्ताजवळून पूर्वेला सरकणारी ढग-पावसाची प्रचंड लाट. तिचे ढग विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरावर दाटतात, तेव्हा मध्य भारतात उघाड पडण्याचीच शक्यता जास्त असते. आपली पाळी त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येते. तुमचे ते बारा दिवस बहुधा याच वाट पाहण्यातले असावेत.

मी तीसेक वर्षं नागपुरात बसून नकाशे वाचले आणि अंदाज लिहिले. हाच अर्थ एकदा मीही चुकीचा लावला होता, आणि त्याची किंमत माझ्या मावसभावानं मोजली. कळमेश्वरकडे त्याची आठ एकर शेती. दोन चांगल्या सरी पडून गेल्या होत्या. मी फोनवर सांगितलं, समुद्रावर ढग जमले आहेत, चार-पाच दिवसांत झड लागेल, टाकून दे सोयाबीन. त्यानं पेरलं. चौदा दिवस आभाळ कोरडं राहिलं. मी गेलो तेव्हा त्यानं तासातली माती बोटानं उकरून दाखवली. वरची दोन बोटं माती राखेसारखी, त्याखाली फुगून, अर्धवट फुटून वाळलेलं बी. मला तो एक शब्द बोलला नाही. दुबार पेरणी झाली. त्या दिवसापासून मी या लाटांकडे नीट लक्ष देऊन शिकलो, म्हणून हे उत्तर जरा लांब होणार आहे.

आधी लाट म्हणजे काय ते स्पष्ट करू. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या पाण्यावर वाळलेलं पान पडलेलं असतं. लहर येते, पान वर जातं, खाली येतं, पण जागा फारशी सोडत नाही. लहर पुढे सरकते, पाणी तिथंच राहतं. वातावरणातल्या लाटाही अशाच असतात, फक्त त्यांची लांबी हजारो किलोमीटर असते आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. लाटेच्या एका अर्ध्यात हवा वर चढते, तिथं बाष्प साचतं, ढग उंच वाढतात. दुसऱ्या अर्ध्यात हवा खाली बसते, कोरडी होते, ढगांची डोकी छाटली जातात. म्हणजे विषुववृत्तावरची लाट तिथलं पाणी उचलून तुमच्या शेतावर आणत नाही. तुमच्या डोक्यावरची हवा पावसाला राजी आहे की नाही, एवढं ती ठरवते. बाकी सगळं यावरच उभं आहे.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जो वळवणारा जोर मिळतो तो विषुववृत्तावर शून्य असतो आणि उत्तर-दक्षिणेला वाढत जातो. त्यामुळे विषुववृत्ताचा पट्टा एखाद्या पाटासारखा वागतो. दोन्ही बाजूंना बांध असावेत तशा काही लाटा त्यातच अडकून पूर्वेला किंवा पश्चिमेला वाहतात. जपानच्या तारो मात्सुनो यांनी 1966 साली ही गोष्ट नुसत्या समीकरणांतून मांडली: अशा पट्ट्यात कोणकोणत्या लाटा राहू शकतात आणि त्यांचा आकार कसा असेल. त्याच वर्षी यानाई आणि मारुयामा यांना त्यातली एक जात प्रत्यक्ष हवामान-फुग्यांच्या नोंदींत सापडली. कागदावरची लाट आणि आभाळातली लाट एकाच वर्षी भेटावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

यातल्या दोन जाती तुम्हाला पुरेशा आहेत. केल्विन लाट पूर्वेकडे जाते आणि वेगानं जाते. कोरड्या हवेत ती सेकंदाला 30 ते 60 मीटर धावू शकते, पण ढगांना बरोबर घेऊन निघाली की 15 मीटरच्या आसपास येते. कारण असं की ढगात बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, आणि वर चढणाऱ्या हवेला जी थंडी परत खाली ओढते तिचा बराच भाग ही उष्णता खाऊन टाकते. ओढ कमी झाली की लाट संथ होते. रॉस्बी लाट याच्या उलट, पश्चिमेकडे सरकते, आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना भोवऱ्यांची जोडी घेऊन चालते. मे 2022 मध्ये बंगालच्या उपसागरात असानी आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला करीम अशी दोन चक्रीवादळं एकाच वेळी होती. उपग्रहाच्या चित्रात ती आरशातल्या प्रतिमेसारखी दिसत होती. रॉस्बी लाटेचा आकार कसा असतो हे कुणी विचारलं की मी तेच चित्र दाखवतो.

आता एमजेओ. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन हे अमेरिकेतले दोन संशोधक. प्रशांत महासागरातल्या कँटन नावाच्या छोट्या बेटावरच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी ते चाळत होते. त्यांच्या लक्षात आलं की वारा आणि हवेचा दाब साधारण 40 ते 50 दिवसांच्या अंतरानं हेलकावे खातात, आणि खालचा वारा एका दिशेला जोर धरतो तेव्हा वरचा वारा उलट दिशेला. हे 1971 साली छापून आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की हा एका बेटाचा प्रकार नाही, ढगांचा हा प्रचंड पुंजका हिंदी महासागरातून इंडोनेशियावरून प्रशांतात जातो आणि त्याच्या वाऱ्यांची खूण सगळ्या पृथ्वीभोवती फिरते. मात्सुनोंच्या यादीत मात्र ही लाट बसत नाही. तिचा वेग सेकंदाला जेमतेम पाच मीटर. हिशेब करून पाहा: आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमात्रापर्यंत सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. केल्विन लाट हे अंतर चार-पाच दिवसांत कापते, एमजेओला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली दाखवलं की समुद्र तापल्यामुळे हिंदी महासागरावरचा एमजेओचा मुक्काम गेल्या काही दशकांत तीन-चार दिवसांनी घटला आहे आणि पुढे पश्चिम प्रशांतातला वाढला आहे.

आणि आता जिथं बातम्यांची गल्लत होते तो भाग.

एमजेओ विषुववृत्तावरून पूर्वेला जातो. नागपूर आहे 21 अंश उत्तरेला. तो सरळ पूर्वेला गेला तर आपल्याला काय मिळणार? हिवाळ्यात तो खरंच तसाच जातो. पण जून ते सप्टेंबर त्याला एक फांदी फुटते. विषुववृत्तावरचा ढगांचा पट्टा पूर्वेला सरकता सरकता उत्तरेकडेही चढू लागतो. डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी 1980 साली रोजच्या उपग्रह चित्रांवरून ढगांचा पट्टा कुठं आहे हे मांडलं, आणि तो पुन्हा पुन्हा समुद्रावर जन्म घेऊन उत्तरेला भारताच्या भूमीवर येतो हे दाखवून दिलं. वेग दिवसाला साधारण एक अंश अक्षांश, म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटर. विषुववृत्तापासून नागपूर 21 अंश. म्हणजे तीन आठवडे. पट्टा आधीच थोडा उत्तरेला जन्मला तर दोन.

तो उत्तरेलाच का चढतो? एक कारण वाऱ्यांचं. मान्सूनमध्ये खाली पश्चिमेकडून वारा आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोरदार वारा वाहतो. खाली-वरच्या या विरोधामुळे ढगांच्या पट्ट्याच्या उत्तर कडेला घड्याळाच्या उलट दिशेचा फिराव तयार होतो, जमिनीलगतची ओली हवा तिकडे गोळा होते आणि पुढचे ढग तिथं उगवतात. दुसरं कारण समुद्राचं. पट्ट्याच्या पुढे उत्तरेला आभाळ स्वच्छ असतं, वारा मंद असतो, बंगालच्या उपसागराचं पाणी उन्हानं तापत राहतं. पट्टा त्या गरम पाण्यावर येतो, बरसतो, पाणी थंड करतो आणि पुढे सरकतो.

पट्टा विषुववृत्तावर असताना तिथं वर चढलेली हवा कुठंतरी खाली बसायलाच हवी. त्यातली बरीच मध्य भारतावर बसते. म्हणूनच लाट समुद्रात आली की आपल्याकडे उघाड. एमजेओची जागा सांगायला 2004 पासून आठ टप्प्यांचं एक वर्तुळ वापरतात. त्यात दुसरा आणि तिसरा टप्पा म्हणजे हिंदी महासागर. मध्य भारतात खंड सुरू होण्याचे प्रसंग पहिल्या-दुसऱ्या टप्प्याच्या आसपास जास्त दिसतात, आणि जोराचा पाऊस साधारण चौथ्या ते सहाव्या टप्प्यात, म्हणजे लाट इंडोनेशियाकडे आणि त्यापुढे गेलेली असताना. बातमी वाचताना हे एवढं जरी लक्षात ठेवलं तरी निम्मा घोळ मिटेल. शिवाय ते वर्तुळ मुख्यतः विषुववृत्ताजवळच्या वाऱ्यांवर आणि ढगांवर बेतलेलं आहे, उत्तरेकडची फांदी त्यात नीट दिसत नाही. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मी त्यापेक्षा खास मान्सूनसाठी बनवलेल्या मिसो निर्देशांकाकडे पाहतो.

बरं, पट्टा आपल्यावर आला. पाऊस मग तो पाडतो का? बहुतेक वेळा नाही. विदर्भात आठ-आठ दिवसांची झड लागते ती बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे. ओडिशा, छत्तीसगड ओलांडून ती पश्चिम-वायव्येला सरकतात, आणि सर्वांत जोराचा पाऊस त्यांच्या नैऋत्य अंगाला असतो. केंद्र जबलपूर-सागरकडून गेलं की नागपूर त्या ओल्या अंगाखाली येतं. हंगामात अशी तेरा-चौदा क्षेत्रं होतात, पण ती एकसारख्या अंतरानं येत नाहीत, झुंडीनं येतात. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2003 साली मोजून दाखवलं की लाटेच्या सक्रिय काळात त्यांची संख्या खंडाच्या काळापेक्षा सुमारे साडेतीनपट असते. लाट शेत नांगरून ठेवते, बी पेरतं ते कमी दाबाचं क्षेत्र, असं मी आमच्या पोरांना समजावत असे.

याखेरीज आणखी एक छोटा हेलकावा असतो, 10 ते 20 दिवसांचा. तो पश्चिम प्रशांताच्या बाजूनं पश्चिमेकडे येतो, स्वभावानं रॉस्बी लाटेचा भाऊबंद. कधीकधी तिकडच्या वादळांचे विरलेले अवशेष व्हिएतनाम-म्यानमारवरून उपसागरात उतरतात आणि तिथं पुन्हा जीव धरतात. मोठी लाट प्रतिकूल असतानाही मधेच दोन दिवस चांगला पाऊस होऊन जातो, त्यामागे अनेकदा हाच असतो. आणि मोठी लाट अनुकूल असताना मधेच चार दिवसांची उघडीप पडते, तीही याचीच.

हे सगळं नागपुरात प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगतो. सोनेगावला विमानतळाच्या बाजूला पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेचा फुगा सोडला जातो. त्याला टांगलेलं छोटं यंत्र तापमान आणि आर्द्रता पाठवत वर जातं. ते आम्ही टेफिग्राम नावाच्या तिरप्या रेघांच्या कागदावर उतरवतो: एक रेघ तापमानाची, एक दवबिंदूची. झडीच्या दिवसांत या दोन रेघा एकमेकींना चिकटून पाच-सहा किलोमीटरपर्यंत जातात, मध्ये बोटभरही जागा नसते. खंड बसायला लागला की सगळ्यात आधी बदल तिथं दिसतो. जमिनीलगत हवा अजून ओली असते, अंगाला घाम चिकटत असतो, लोक म्हणतात आज येणारच. पण दीड-दोन किलोमीटरच्या वर दवबिंदूची रेघ एकदम डावीकडे फुटते. तीन किलोमीटरवर कोरडी हवा शिरलेली असते, बरीचशी पश्चिमेकडून, वाळवंटी भागांतून. दुपारी ढग उठतात, त्या थरापर्यंत पोचतात आणि तिथंच विरघळतात. कापसाच्या बोंडासारखे पांढरे, वर चपटे ढग दिवसभर दिसत राहतात. संध्याकाळपर्यंत आभाळ मोकळं. पहाटेच्या कागदावर ती फुटलेली रेघ सलग तीन दिवस दिसली की मला खंडाची खात्री पटायची.

खंड बसला की मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. आसाम-बिहारात पूर, तमिळनाडूत संध्याकाळचा गडगडाट, आणि आपण कोरडे. जुलै 2002 मध्ये असा खंड इतका लांबला की देशभरात त्या महिन्याचा पाऊस सरासरीच्या जवळपास निम्माच झाला. ऑगस्ट 2023 चा पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी होता, 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्या वर्षी एल निनोही होता. एल निनो हंगामाची एकूण पातळी खाली-वर करतो, लाटा त्या पातळीवर चढउतार करतात. पातळीच खाली असेल तर लाटेची चढती बाजूही तोकडी पडते.

उत्तरेकडूनही लाटा येतात. मध्य अक्षांशांतल्या पश्चिमी वाऱ्यांत कार्ल-गुस्ताव रॉस्बी यांनी 1939 मध्ये समजावलेल्या मोठ्या नागमोडी लाटा असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यातली एखादी खोल दक्षिणेला उतरली की आपल्याकडे गारपीट होते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट संत्रा बागायतदार विसरलेले नाहीत.

या ज्ञानाची मर्यादाही सांगायला हवी. 22 सप्टेंबर 2023 च्या रात्रीपासून 23 च्या पहाटेपर्यंत नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, माणसं दगावली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपण पाण्यासाठी तळमळत होतो. कोणतीही लाट तीन आठवडे आधी तुम्हाला अंबाझरी दाखवू शकत नाही. लाट पंधरवडा सांगते. दिवस सांगतो तो चार-पाच दिवसांचा अंदाज, आणि तास सांगतो तो रडार.

आता तुमच्या कामाचं. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं. त्यात आठवड्यागणिक पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी, हे नकाशावर रंगानं दाखवलेलं असतं, जास्त हिरवा, कमी तपकिरी. पहिल्या दोन आठवड्यांवर मी निर्णय घेईन. तिसऱ्याचा फक्त कल पाहीन. चौथा बघून सोडून देईन. एक गुरुवार पाहून काही ठरवू नका, लागोपाठचे दोन-तीन पाहा. विषुववृत्तावरचा हिरवा पट्टा आठवड्यागणिक उत्तरेला चढताना दिसला तर लाट खरी चालते आहे. जागच्या जागी विरत असेल तर तिच्या भरवशावर राहू नका.

पेरणीसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत खोलवर ओल गेली पाहिजे, ही अट लाटेमुळे सैल होत नाही. ओल पुरी आहे आणि पट्टा नुकताच आपल्यावर पोचतो आहे, ही पेरायची उत्तम वेळ. ओल पुरी आहे पण पट्टा आपल्यावरून हिमालयाकडे निघाला आहे, तर पुढचे दहा-पंधरा दिवस ओढ बसू शकते. तेव्हा भारी काळ्या जमिनीत रुंद वरंबा-सरीवर पेरा, म्हणजे असलेली ओल धरून राहील. हलक्या जमिनीत थांबा. ओल अपुरी आहे आणि बातमी म्हणते एमजेओ हिंदी महासागरात आला, तर बियाण्याची पिशवी उघडूच नका.

उभ्या पिकाला खंड कामी येतो. डवरणी, निंदण, फवारणी ही सगळी कामं उघाडीतच होतात, आणि पंधरा दिवस आधी कुणकुण लागली तर मजूर सांगून ठेवता येतात. खत मात्र उघाडीच्या तोंडावर टाकू नका, पट्टा परत येण्याच्या बेताला टाका.

बागेचं थोडं वेगळं आहे. मृग बहाराला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याला, तुम्ही मे महिन्यात पाणी तोडून ताण देता आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानं तो तुटतो. ताण तुटून फूट निघाली आणि नेमका त्यावर लांब खंड आला, तर फूल टिकत नाही. म्हणून जूनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गुरुवारचे नकाशे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे. त्यात आपला भाग तपकिरी दिसला, तर ठिबकच्या नळ्या आधीच धुऊन तपासून ठेवा, आणि पहिला पाऊस पडल्यावर आठ दिवसांनी झाडाखालची माती हातात घेऊन दाबून बघा. लाडू वळला तर थांबा. भुगा झाला तर त्याच संध्याकाळी पाणी सुरू करा.